नवऱ्याची गोळी

सदानंदला शुगर निघाली तेव्हा त्याची मुलगी संघरत्ना आठवीत होती. सदानंद भातसा धरणाच्या कालव्यावर चौकीदार. सायकल घेऊन काठाकाठाने जायचं, कुणी चारी फोडून पाणी वळवलंय का बघायचं, फाटकांच्या चाकांना ग्रीस लावायचं, हे त्याचं काम. एकदा फाटकापाशी उतरताना डाव्या अंगठ्याला दगड लागला. जखम लहान होती, पण भरेना. हळद झाली, मलम झालं, टाकळ्याच्या पाल्याचा रस झाला. अंगठा काळपट पडायला लागला तेव्हा कमळाबाईनं, त्याच्या बायकोनं, त्याला रिक्षात घातलं आणि आटगावहून शहापूरला नेलं.

डॉक्टरांनी लघवी तपासली. काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"ही शुगर," डॉक्टर म्हणाले. "म्हणून जखम भरत नाही."

"जाईल ना पण?" कमळाबाईनं विचारलं.

"जात नाही. सांभाळायची असते. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, भात कमी, गोड बंद."

डॉक्टर बोलत होते सदानंदशी, पण बघत होते कमळाबाईकडे. सदानंद पायाच्या पट्टीकडे बघत होता. सांभाळायची कुणी, ते कुणी बोललं नाही आणि तिथंच ठरून गेलं.

अंगठा वाचला. शुगर राहिली. आणि कमळाबाईची पुढची सगळी वर्षं त्या शुगरच्या मागं गेली.

गोळ्या दोन प्रकारच्या. एक बारीक पांढरी, ती जेवणाआधी. दुसरी जाडजूड, उग्र वासाची, ती जेवणानंतर. सदानंद बारीक घ्यायचा आणि जाडी विसरायचा, नाहीतर जाडी घ्यायचा आणि बारीक खिशात तशीच राहायची. विचारलं की म्हणायचा, "घेतली." धुताना खिशातून विरघळलेली गोळी निघायची. मग कमळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायला लागली. गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायला, घशाखाली गेली, एवढं बघूनच ती चुलीकडे वळायची.

भाताच्या मुलखातला माणूस. त्याला नाचणीची भाकरी पुढे केली की तोंड वाकडं व्हायचं.

"आपल्याच शेतातला भात, आन् आपणच नाय खायचा?"

"थोडा खावा. एवढा घेतलाय."

"एवढा तर कोंबड्यांना टाकतात."

जेवणाच्या ताटावर रोज असं व्हायचं. मग तिनं स्वतःही त्याच्या समोर भात खायचं सोडलं. त्याचं झाल्यावर मागच्या पडवीत बसून ती जेवायची. सणाला घरात गोड करणं बंद केलं. तरी कालव्याच्या ऑफिसात कुणाची बढती झाली, कुणाला मुलगा झाला की हा पेढे खाऊन यायचा. तिला ते त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. ती रात्री त्याच्या ताटातला भात तेवढा काढून घ्यायची.

तिची थोरली बहीण मुरबाडजवळच्या म्हसा गावी दिलेली. जत्रेच्या दिवसांत तिचा निरोप यायचा, ये गो चार दिवस राहायला. कमळाबाई सकाळच्या गाडीनं निघायची आणि संध्याकाळच्या आत परत यायची. बहीण म्हणायची, "तुझा नवरा काय तान्हा हाय काय?" कमळाबाई म्हणायची, "तान्हं परवडतं. ते रडून तरी सांगतं." बहीण हसायची. कमळाबाईला हसू यायचं नाही.

एकदा सदानंदला कालव्यावरून दोघं गडी धरून घेऊन आले. गोळी घेतली होती आणि डबा घरीच विसरला होता. घामानं निथळत होता, हात थडथडत होते, आणि दारात येऊन तिलाच विचारत होता, "बाई, इथं सदानंदचं घर कुठं?" तिनं पाण्यात मूठभर साखर ढवळून पाजली. थोड्या वेळानं तो शुद्धीवर आला आणि भाकरी मागायला लागला. त्या दिवसापासून ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी घालायला लागली. सदरा बदलला की पुडी बदलायची. ही सवय तिच्या हाताला अशी लागली की संघरत्नाच्या लग्नात नवऱ्याच्या नव्या सदऱ्यातही तिनं पुडी घातली होती.

संघरत्ना मुरबाडला दिली. तिथं ती बालवाडीत शिकवायला लागली. घरात दोघंच उरली, आणि गोळ्या.

मग एका वर्षी शहापूरच्या डॉक्टरांनी नवीन पाकीट पुढं ठेवलं. "आता ही दोन्ही औषधं एकाच गोळीत येतात. सकाळी जेवताना एक, रात्री जेवताना एक. बारीक आणि जाडी, दोन्ही बंद."

सदानंद खूश झाला. "म्हंजे अर्धा आजार गेला म्हणा."

"आजार तेवढाच आहे. गोळी एक दिसली तरी आत औषधं दोन आहेत. रिकाम्या पोटी घेऊ नका. घेतली की जेवलंच पाहिजे." आणि मग कमळाबाईकडे वळून, "बाई, लक्ष ठेवा. जुन्या गोळ्या घरात असतील त्या यांना देऊ नका. दुप्पट होईल."

घरी येऊन तिनं जुन्या गोळ्या परसात खड्डा करून पुरल्या. डोक्यावरचा भारा कुणी एका हातानं जरा उचलून धरावा तसं तिला वाटलं. भारा डोक्यावरच होता, पण मान जरा सैल झाली. सदानंदही बरा वागायला लागला. सकाळी एक, रात्री एक, यात विसरण्यासारखं फार नव्हतं. पुढच्या तपासणीत त्याची शुगर उतरलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "छान." कमळाबाईनं बाकावर टेकून डोळे मिटले. तिला फार दमल्यासारखं होत होतं. तिला वाटलं, इतक्या वर्षांचा शीण आता बाहेर पडतोय.

तो शीण नव्हता. पावसाळाभर तिला तहान लागत राहिली. पाऊस बाहेर कोसळायचा आणि ती माठाशी उभी राहून तांब्यावर तांब्या प्यायची. रात्री ती लघवीला बसायची त्या मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागायला लागली. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. शेजारच्या कुणबीवाडीतली धोंडीबाई, जिच्याबरोबर ती शेतात राबायची, म्हणाली, "कमळे, तू सुकत चाललीस गो. काय झालाय तुला?"

"काय नाय. वय झालं."

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. तिला कळलं होतं. सगळ्या खुणा तिनं नवऱ्याच्या अंगावर बघितल्या होत्या. मोरीतल्या मुंग्यांवर पाणी ओतताना ती स्वतःशीच म्हणाली, "आता मलाबी."

आणि ती कुणाला बोलली नाही.

का बोलली नाही, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. दवाखान्यात जायचं म्हणजे पुन्हा तो बाक, ती सुई, तो कागद. ताटावर पुन्हा दोघांची वादावादी. आणि तांब्या घेऊन तिच्या समोर कोण उभं राहणार होतं? शिवाय एक चहा होता. दुपारचं सगळं आवरल्यावर ती मागच्या पायरीवर बसून गूळ घातलेला चहा प्यायची, भरपूर गोड, एकटी. दिवसभरात तेवढं एकच तिचं होतं. डॉक्टरकडे गेलं की ते जाणार, हे ठरलेलं होतं. घरात एक आजारी माणूस आहे तो पुरे, असं तिनं मनाशी म्हटलं आणि विषय मिटवला.

पुढच्या खेपेला शहापुरात औषधाच्या दुकानात तिनं नवऱ्याच्या चिठ्ठीवर जादा पाकिटं मागितली. दुकानदार इतकी वर्षं तिला ओळखत होता. त्यानं विचारलंही नाही.

सदानंदची गोळी ती त्याच्यासमोर ठेवायची. तो गेला की तसलीच एक स्वतः घ्यायची. पहिले काही दिवस पोटात ढवळलं, जुलाब झाले, तोंडाला गंजलेल्या खिळ्यासारखी चव आली. मग तहान कमी झाली. मोरीतल्या मुंग्या गेल्या. तिला वाटलं, झालं, आपलं आपण निस्तरलं. चहा तिनं सोडला नाही.

दिवाळी झाली. भात कापून खाचरात पसरला होता. तो रविवार होता, म्हणून सदानंद घरी होता आणि घरामागं झोडणीसाठी खळं सारवत होता. कमळाबाई आणि धोंडीबाई भारे बांधायला खाचरात गेल्या. भारे बांधायचे ते सकाळीच, दव आहे तोवर. ऊन चढलं की पेंढा कडकडीत होतो आणि हात लावला तरी दाणे गळतात. म्हणून कमळाबाईनं घाईघाईनं नवऱ्याला जेवायला वाढलं, स्वतः चहाबरोबर गोळी घेतली आणि भाकरी फडक्यात बांधून शेतावर नेली. तिथं खाऊ म्हणून. फडकं तिनं बांधावरच्या ऐनाच्या झाडाच्या फांदीला अडकवलं.

"खाऊन घे गो आधी," धोंडीबाई म्हणाली.

"एवढी पात होऊ दे."

खाचराची तेवढी पट्टी, ती पात झाली, दुसरी झाली. दव उडत चाललं होतं. कमळाबाई वाकली की उठायचं नाव घेईना. वारं गार होतं तरी तिच्या पाठीला घाम सुटला. भाऱ्याला बांधायच्या पेंढ्याच्या बंदाची गाठ बसेना. तिनं पुन्हा पीळ दिला, पुन्हा गाठ सुटली. तिनं भारा लाथेनं ढकलला.

"काय गो?" धोंडीबाईनं विचारलं.

"तू माझी भाकरी खाल्लीस," कमळाबाई म्हणाली.

धोंडीबाई हसली. मग तिनं कमळाबाईच्या तोंडाकडे बघितलं आणि हसायची थांबली.

"ती काय तिथं टांगलेली. मी कशाला खाऊ?"

"तुमी सगळ्यांनी खाल्ली. सगळ्यांनी मिळून. मला कुणी ठेवली नाय." कमळाबाई ओरडायला लागली. आजवर कुणी तिच्या तोंडून ऐकली नव्हती अशी एक शिवी तिनं धोंडीबाईला दिली, विळा फेकला, आणि कापलेल्या सडांवर बसकण मारली. सड टोचत असतील, पण तिला ते कळत नव्हतं. तोंडातून लाळ गळत होती.

शेजारच्या खाचरातल्या बाया धावत आल्या. एक म्हणाली, फेफरं आलंय, कांदा हुंगवा. दुसरी म्हणाली, त्या ऐनाखाली बसली असेल, तिथलं काहीतरी लागलंय, भगताला बोलवा. धोंडीबाईनं कुणाचं ऐकलं नाही. तिनं पदर खोचला आणि खळ्याकडे पळत सुटली.

"सदाभाऊ! कमळीला बघा काय झालाय!"

सदानंद शेणाच्या हातांनी तसाच धावला. बायांना बाजूला सारून तो कमळाबाईसमोर गुडघ्यांवर बसला. ती त्याच्याकडे बघत होती, पण तिला तो दिसत नव्हता. पोलकं भिजून अंगाला चिकटलं होतं. हात थडथडत होते. त्यानं तिच्या कपाळाला हात लावला, कपाळ गार होतं. हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. पण हे त्याचं होतं, तिचं कसं?

विचार करायला वेळ नव्हता. त्यानं हात धोतराला पुसले, खिशातली पुडी काढली आणि खडीसाखर दगडावर ठेचली. तिनं दात आवळले होते. त्यानं गाल ओढून ती भुकटी आत सारली आणि बोटानं हिरडीला चोळली. ती त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं पुन्हा चोळली.

"काय करताव, तिला झटका आलाय," एक बाई म्हणाली.

"गप ऱ्हावा जरा," सदानंद म्हणाला. "चघळ, कमळ. चघळ गो. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी चघळ."

बऱ्याच वेळानं तिचा घसा हलला. मग तिनं स्वतःच जीभ फिरवली. डोळे त्याच्यावर स्थिर झाले. भोवतालच्या बायांकडे बघून तिनं लाजून पदर सावरला आणि म्हणाली, "भारे ऱ्हायले का?"

धोंडीबाई तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली.

सदानंदनं तिला भाकरी खायला लावली, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. रस्त्यावर जाऊन त्यानं खर्डीकडून येणारी जीप हात करून थांबवली. वाटेत आसनगावच्या अलीकडे कमळाबाईची मान पुन्हा त्याच्या खांद्यावर कलंडली. उरलेली खडीसाखर त्यानं तिच्या गालात भरली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "लवकर."

शहापूरच्या डॉक्टरांनी बोटातून रक्त काढलं, यंत्रावर बघितलं आणि लगेच बाटली लावायला सांगितली. मग सदानंदला विचारलं, "यांना गोळ्या कुणी दिल्या?"

"हिला कसल्या गोळ्या? हिला काय नाय. शुगर मला हाय."

"अहो, गोळी घेतल्याशिवाय साखर अशी तळाला जात नाही."

"डॉक्टर, इतकी वर्षं तुमी बघताय. गोळ्या मी खातो."

खाटेवर डोळे मिटून पडलेली कमळाबाई म्हणाली, "त्यांचीच घेतली."

सदानंदला आधी कळलंच नाही. डॉक्टरांना कळलं. त्यांनी स्टूल ओढलं. "केव्हापासून?"

"पाऊस सरताना."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. मला दिसत होतं. तहान, मुंग्या. यांचं झालं तसंच." ती थांबून थांबून बोलत होती. "यांना लागू पडली म्हणून मीबी घेतली."

डॉक्टर रागावले नाहीत. कदाचित रागवावं असा तिचा चेहरा नव्हता. ते म्हणाले, "बाई, यांच्या मापाची गोळी ही. यांची शुगर इतक्या वर्षांची. तुम्हाला कदाचित अर्धी लागली असती, कदाचित ही लागलीच नसती. तपासल्याशिवाय कसं कळणार? आणि वर रिकाम्या पोटी." मग ते उठले. "आजची रात्र इथंच ठेवू. या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही. साखर पुन्हा खाली जाऊ शकते."

ते गेल्यावर सदानंद स्टुलावर बसला. खिडकीतून एस.टी. स्टँडवरचा गलका ऐकू येत होता. बाटलीतले थेंब पडत होते. त्याच्या नखांत शेण वाळलं होतं, ते तो काडीनं काढत राहिला. त्याला राग आला होता. कुणाचा, ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"मला सांगायला काय झालं?" तो शेवटी म्हणाला.

तिनं चादर वर ओढली.

"मी काय परका हाय?"

"कंटाळले व्हते मी," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुमच्या शुगरला. तुमी गोळी घेतली का बघा, तुमी जेवला का बघा, तुमी बाहेर काय खाल्लं बघा. सकाळी उठलं की तेच. मला माझं आणि नवीन नको व्हतं. एकाचं करताना जीव निघतो, दोघांचं कोण करील?" तिनं मान खिडकीकडे वळवली. "म्हटलं, गुपचूप गोळी खायची. कुणाला ताप नाय, मलाबी नाय."

सदानंदला काहीतरी बोलावंसं वाटलं. मी काय तुला सांगितलं होतं का करायला, असं एक वाक्य त्याच्या ओठांवर आलं. अशी वाक्यं तो ताटावर नेहमी बोलायचा. या वेळी ते तोंडातच राहिलं. तो उठून बाहेर गेला, नळावर हात धुतले आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. परत आला तेव्हा ती झोपली होती. तिच्या तोंडाकडे त्यानं इतक्या वर्षांत असं सावकाश बघितलं नव्हतं. गालाची हाडं वर आली होती. हे आपल्याला रोज समोर असून दिसलं कसं नाही, याचं त्याला नवल वाटलं, आणि मग ते नवल त्याला सोसेना.

दुसऱ्या दिवशी संघरत्ना किन्हवलीमार्गे एस.टी.नं आली. आईला बघून तिचं तोंड उतरलं. रक्ताचा रिपोर्ट आला होता. कमळाबाईला शुगर होतीच. डॉक्टरांनी संघरत्नाला जवळ बोलावलं. "मुली, तू शिकलेली आहेस, तुला समजावून सांगतो. यांना सध्या एकच साधं औषध देतोय, कमी मापाचं. सोबत जेवण..."

"मला सांगा," सदानंद म्हणाला.

डॉक्टरांनी मागं वळून बघितलं.

"ती मुरबाडला जाईल संध्याकाळी. घरात मी ऱ्हातो. मला सांगा."

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सदानंद ऐकत होता, मधून मधून विचारत होता. भाकरी किती, भात किती, चक्कर आली तर काय, पाय रोज बघायचे म्हणजे कसे बघायचे. यातलं सगळं डॉक्टरांनी त्याला स्वतःसाठी कितीदा तरी सांगितलं होतं. तो पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा ऐकत होता. कमळाबाई खाटेवरून बघत होती. तिला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. तिला वाटलं, चार दिवस करतील.

तिचं तसं फार चुकलं नाही. घरी आल्यावर सदानंदनं भाकऱ्या थापायला घेतल्या. त्या तव्यावर फुटायच्या, कडेला जाड आणि मधे करपलेल्या. ती खाटेवरून सांगायची, पाणी कमी घाला, तो म्हणायचा, "मला येतंय," आणि भाकरी मोडायची. आठवडा गेला की तो कंटाळला आणि ती उठून चुलीपाशी बसली. मग पुन्हा एके दिवशी तिचं अंग मोडून आलं आणि तो पिठात हात घालून बसला. असं ते मागंपुढं होत राहिलं. गोळी मात्र तो स्वतःची स्वतः घ्यायला लागला, आणि तिची तिच्यापुढं ठेवायला. दुसऱ्याला देताना आपली विसरत नाही, एवढं त्याच्या ध्यानात आलं.

चहावरून त्यांचं चांगलंच वाजलं. तो पायरीपाशी येऊन म्हणाला, "गूळ नको घालू." तिनं भरलेला पेला अंगणात ओतला आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः बिनगुळाचा चहा केला, दोन पेले घेतले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला. चहा वाईट होता. दोघांनी तो पिऊन टाकला.

पुढच्या वर्षी कमळाबाईची शुगर साध्या औषधाला दाद देईना. डॉक्टरांनी तिलाही ती दोन औषधांची गोळी सुरू केली, पण कमी ताकदीची. पाकिटं सारखीच दिसायची. सदानंदनं तिची गोळी मंजनाच्या जुन्या डबीत ठेवली आणि स्वतःची खिडकीत, म्हणजे घोटाळा नको. सकाळी दोघं ताट घेऊन समोरासमोर बसायची. आधी दोघांच्या पुढं जेवण आलंय का बघायचं, मग गोळी. कधी तो म्हणायचा, "घे." कधी ती म्हणायची, "घ्यावा."

सगळं ठीक झालं असं नाही. तिच्या तळव्यांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. शेतातलं वाकणं तिनं सोडलं. खाचर धोंडीबाईच्या मुलानं वाट्यानं घेतलं. सदानंद निवृत्त झाला. त्याची नजर अधू होत चालली होती. सायकल भिंतीला टेकून होती.

त्या हिवाळ्यात संघरत्नाचा निरोप आला. आई, या वेळी राहायलाच ये, नुसतं तोंड दाखवायला नको. कमळाबाईनं सवयीनं नाही म्हणायला तोंड उघडलं.

"जा," सदानंद म्हणाला.

"आन् तुमचं?"

"माझं मी बघतो. भाकरी जमते आता."

"फुटते."

"फुटलेली खाईन. जा."

तिनं पिशवी भरली. दोन लुगडी, मंजनाची डबी, नातवासाठी चिक्की. सदानंदनं तिला शहापूरच्या स्टँडवर मुरबाडच्या गाडीत बसवलं. खिडकीपाशी उभं राहून तो म्हणाला, "गोळी जेवणाबरोबर. आधी नाय." ती म्हणाली, "मला शिकवताव?" गाडी सुटली.

मुरबाडला संघरत्नानं बेत आखून ठेवले होते. एक दिवस बाजार, एक दिवस म्हशाची जत्रा, मावशीकडे मुक्काम. "आई, तुला किती वर्षं राहायचं होतं ना जत्रेला? बैलबाजार बघू, घोंगड्या बघू, पाळण्यात बसू."

कमळाबाई खाटेवर पाय पसरून बसली होती. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवर पडला होता.

"तुमी जाऊन या," ती म्हणाली.

"अगं पण तुझ्यासाठीच..."

"मला झोपायचंय, संघा."

संघरत्ना उठली. मग तिनं उशी आणून दिली. शेजाऱ्यांच्या फोनवरून आटगावच्या दुकानात फोन लावला, तर बाबा तिथंच बाकावर बसलेले निघाले. जेवले, गोळी घेतली, असं म्हणाले. संघरत्नानं आत येऊन आईला सांगितलं, "बाबा जेवलेत. गोळीही घेतली म्हणाले."

"म्हणत्यात खरं," कमळाबाई म्हणाली. जेवला असेल, कदाचित नसेल, गोळी कदाचित खिडकीतच असेल. आणखी काही विचारावं असं तिला वाटलं नाही. तिनं कूस वळवली, पदर डोळ्यांवर ओढला.

जत्रेला जाणारी मंडळी आवरत होती. मुलं अंगणात ओरडत होती, कुणाची तरी चप्पल सापडत नव्हती. मग सगळी गेली आणि दार ओढल्याचा आवाज झाला. कमळाबाईला तो ऐकू आला नाही, तिला गाढ झोप लागली होती.